यंदा चौकट

थेंबे थेंबे तळे साचे म्हणायची इथे सोय नाही.
तळं समोरच आहे, मलावीचं,
पैलतीर दिसत नाही एवढं,
आणि आमच्यातल्या कुणी ते भरलेलं नाही.

आम्ही चौदा जणी. दर गुरुवारी
वाळत घातलेली मासळी उलथून झाली की
एनिफाच्या ओसरीवर. नावही तेच, ओसरीची बँक.
लोखंडी पेटी, तिला तीन कुलपं,
तीन किल्ल्या तीन घरांत
आणि पेटी चौथ्या.
एक किल्ली माझ्याकडे.
माझ्या घराला मात्र दारच नाही.
लव्हाळ्याची चटई टांगली आहे,
वारा आला की तीच आधी आत येते.

जानेवारीत प्रत्येकीने उभं राहून सांगायचं,
यंदा कशासाठी.
डोरिका म्हणाली, गादी. एकटीची.
नवऱ्याला टेकू देणार नाही.
आम्ही इतक्या हसलो की कोंबड्या उडाल्या.
टिसाउके म्हणाली, पोरीची फी.
म्हातारी नाम्बेवे बराच वेळ उभीच,
मग म्हणाली, शवपेटी. माझी.
लाकूड पुन्हा महागायच्या आत.
कुणी हसलं नाही. मग तीच हसली.
मी म्हणाले, दार.

एका वाट्याला पुस्तकात एक शिक्का, माशाचा.
ओळीत पाच चौकोन. डोरिकाचे पाचही भरतात.
माझ्या ओळीत बहुतेक
एकटाच मासा पोहतो.

उठायच्या आधी एनिफा शिल्लक मोठ्याने सांगते
आणि आम्ही ती घरी नेतो, डोक्यातून.
पुढच्या गुरुवारी जी विसरेल तिला दंड.
तीन लाख अठरा हजार चारशे.
मी तो आकडा चुलीला ऐकवते,
होडीवाल्याशी घासाघीस करताना दाढेखाली धरते.
त्यातले माझे किती ते विचारू नका.
पण पाठ सगळा करायचा,
जिचा एकच मासा तिनेही.

जूनमध्ये म्वेरा सुटला. होड्या वाळूवर पालथ्या.
तीन गुरुवार माझी ओळ कोरी.
चौथ्याला मी गेलेच नाही.
डोरिका आली, चटईबाहेर थांबली,
“ओदी!” म्हणाली.
इथे दार वाजवत नाहीत, अशी हाक देतात.
माझ्यासारखीचं बरंच झाकलं जातं त्यात.
म्हणाली, “किल्ली घेऊन बसलीयेस, बाई,
पेटी काय दगडाने फोडू?”
गेले. रिकाम्या हाताने.
कुणी माझ्या ओळीत मासा उमटवला नाही,
कुणी चुकचुकलं नाही.
सरकून जागा केली, एवढंच.

ऑगस्टात लिंबानीला ताप. त्याच पेटीतून कर्ज.
फेडलं, व्याजासकट.
व्याज पुन्हा पेटीतच, म्हणजे त्यातलं
चिमूटभर माझंच मला.

डिसेंबरात पेटी रिकामी केली.
चादरीवर नोटांचे चौदा ढीग,
माझ्या ढिगाशेजारून कुणी जोरात चाललं असतं
तर उडाला असता.
डोरिकाची गादी सायकलला बांधून आली,
सायकल ढकलत होता नवरा.
नाम्बेवेने शेळी घेतली.
शवपेटी पुढच्या वर्षी, म्हणते,
गाभण आहे, तिला टाकून मरता येत नाही.

सुताराने मला दोन आकडे सांगितले,
दाराचा वेगळा, चौकटीचा वेगळा.
चौकट बसत होती.

ती आता उभी आहे, मातीच्या भिंतीत, म्बावाच्या लाकडाची,
आणि तिच्यात तीच जुनी चटई.
काल टिसाउके आली. अडवणारं काहीच नव्हतं,
तरी लाकडावर हात ठेवून थांबली,
हाक दिली.

उद्या गुरुवार. वर्षाचा पहिला.
शिल्लक शून्य.
या आठवड्यात तरी
कुणाला दंड व्हायचा नाही.